करंगळीतला बदाम

अंगठी करंगळीत शिरली ती अगदी अलगद, पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयासारखी. आणि जावयासारखीच, एकदा आत बसल्यावर उठायचे नाव घेईना.

"ओढू नका, साहेब," सराफ काउंटरवरून पुढे वाकून म्हणाले. "ओढलं की बोट फुगतं."

"ओढत नाहीये. फिरवतोय," वकीलसाहेब म्हणाले आणि दातओठ खात ओढत राहिले.

दुकान नुकतेच उघडले होते. काचेच्या कपाटांवरची कापडे अजून पुरती निघाली नव्हती. कोर्टात जायच्या आधी हे काम उरकावे, डबी खिशात टाकावी आणि संध्याकाळी बायकोच्या पुढ्यात ठेवावी, असा वकीलसाहेबांचा साधा सरळ बेत होता. त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. बायकोची अनामिका आणि आपली करंगळी एकाच मापाची आहे, हा शोध त्यांनी ती दुपारची डुलकी घेत असताना दोरा गुंडाळून लावला होता. मग तिच्या हातात अंगठी कशी दिसेल हे आपल्याच हातावर बघावे, एवढाच मोह झाला. पण बायकोच्या बोटाला मधोमध त्यांच्यासारखा जाडजूड सांधा नव्हता, आणि दोऱ्याने ही गोष्ट सांगितली नव्हती.

अंगठीत बदामाच्या आकाराचा हिरा होता. पत्त्यातला बदाम असतो तसा, पण पांढराशुभ्र आणि चमचमणारा. वकीलसाहेब घटस्फोटाचे वकील. कोर्टात त्यांना मागून सगळे 'कात्री' म्हणत, आणि एकदोघे तोंडावरही म्हणत. इतक्या वर्षांत असले बदाम त्यांनी पुष्कळ पाहिले होते. टेबलावर आपटलेले, पाकिटातून परत पाठवलेले, एकदा तर भर बैठकीत भिरकावलेले आणि त्यांच्या चहात पडलेले. एवढा महागाचा दगड, आणि त्याला आकार द्यायचा तो शाळेच्या बाकावर पोरे कोरतात त्याचा, हे त्यांना फार बाळबोध वाटायचे. पण अलीकडे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. माणूस कितीही संतापलेला असो, असली अंगठी फेकण्याआधी तो एकदा तिच्याकडे बघतोच. चौकोनी हिऱ्याकडे कोणी असे बघत नाही. लोकांचे बदाम परत करता करता आपण स्वतः एकही दिला नाही, ही रुखरुख त्यांना लागली ती लागलीच.

"दोन्ही गाल बघा कसे सारखे आहेत," सराफ दहा मिनिटांपूर्वी कौतुकाने सांगत होते. "मधली खाच नीट दिसायला हवी. आणि हे खालचं टोक सगळ्यात नाजूक. दणका बसला की तिथेच आधी कपचा उडतो. म्हणून त्याला ही सोन्याची चिमटी."

हा माणूस हिऱ्याबद्दल बोलतोय की माझ्या पक्षकारांबद्दल, असे तेव्हा वकीलसाहेबांना वाटून गेले होते. आता त्यांना काहीच वाटत नव्हते. आता फक्त करंगळी ठणकत होती.

साबण झाला. तेल झाले. बर्फ झाला. सराफांनी अंगठी धरली, वकीलसाहेबांनी काउंटरला पाय लावला आणि दोघांनी उलट्या दिशांना जोर केला. त्यात सराफांचा चष्मा पडला, अंगठी जागची हलली नाही.

"कापावी लागेल," सराफ धापा टाकत म्हणाले.

"माझं बोट?"

"अंगठी हो! पण मग पुन्हा जोडून, पॉलिश करून द्यायला दोन दिवस लागतील."

"छे, छे! आज संध्याकाळीच द्यायचीय. आणि हे बघा, घरी कळता कामा नये. तिला चकित करायचंय."

"मग एक करा. हात वर धरून ठेवा. छातीच्या वर. दिवसभरात सूज उतरेल. संध्याकाळी या, मी अलगद काढून देतो. मात्र आज मला दुकान जरा लवकर बंद करायचंय."

अशा रीतीने, उजव्या हाताला रुमाल गुंडाळून आणि तो हात गाडी बोलावल्यासारखा वर धरून वकीलसाहेब रस्त्याला लागले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत दोन रिकाम्या टॅक्सी त्यांच्यापुढे थांबल्या आणि शिव्या घालून निघून गेल्या.

कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांचा कारकून वाट बघत उभा होता. हा कारकून इमानी होता, पण त्याची माया फार. "अरे देवा! साहेब, हाताला काय झालं?"

"दारात बोट सापडलं," वकीलसाहेब म्हणाले. खोटे बोलायचे तर ते लहानसे आणि सोपे असावे, असे ते पक्षकारांना नेहमी सांगत.

कारकुनाने ते लहानसे राहू दिले नाही. तो समोरच्या औषधाच्या दुकानातून बँडेजची गुंडाळीच घेऊन आला आणि नको नको म्हणत असताना त्याने रुमालावरून असे काही बांधले, की वकीलसाहेबांच्या मनगटापुढे एक भलामोठा पांढरा भोपळा तयार झाला. तो भोपळा वर धरून ते न्यायाधीशबाईंसमोर जाऊन बसले.

दुसऱ्याच कोणाचे प्रकरण चालू होते. न्यायाधीशबाईंनी दोनदा त्यांच्याकडे पाहिले. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवले.

"वकीलसाहेब, हात खाली करा. तुमचा नंबर आला की बोला."

"मला बोलायचं नाहीये, मॅडम. हात वर ठेवायला सांगितलाय."

"कोणी?"

"सरा... डॉक्टरांनी."

"झालं काय पण?"

"दारात बोट सापडलं, मॅडम," मागून कारकून कळवळून म्हणाला.

न्यायाधीशबाई एकदम ताठ बसल्या. "आपल्या कोर्टाच्या दारात? मी वर कळवून कळवून थकले त्या दारापायी! कोणतं दार? मी आत्ता माणूस पाठवते. तुमचं बँडेज सोडून त्याला हात दाखवा, म्हणजे लगेच लेखी तक्रार जाईल."

बँडेज सोडून दाखवा म्हटल्याबरोबर वकीलसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. "दार नाही, मॅडम! म्हणजे दारच, पण आमच्या घराचं. दारात कुत्रा होता. तो चावला."

कारकून त्यांच्याकडे आ वासून बघत राहिला.

"भटका?" न्यायाधीशबाईंनी काळजीने विचारले. "भटका असेल तर इथे काय बसलात? आधी दवाखान्यात जा."

दवाखान्यात जाणे हा तर सर्वनाश होता. गावातल्या मोठ्या दवाखान्याच्या मुख्य नर्स म्हणजे वकीलसाहेबांची बायको. "भटका नाही, मॅडम. पाळलेला. शेजाऱ्यांचा. अगदी घरच्यासारखा आहे."

समोरच्या बाकावर बसलेल्या तरुण वकीलीणबाईंनी झटकन मान वर केली. वकीलसाहेबांच्या शेजारच्या काकू म्हणजे या वकीलीणबाईंची सख्खी मावशी, ही गोष्ट वकीलसाहेबांना ठाऊक होती. ती आठवली मात्र दारातून त्या फोन कानाला लावत बाहेर पडताना दिसल्या तेव्हा.

दुपारी वकीलसाहेबांच्या कचेरीत एक महत्त्वाची बैठक होती. एका बाजूला त्यांच्या पक्षकार, पोहायला शिकवणाऱ्या एक बाई. उंच, खणखणीत आवाजाच्या, तलावाच्या या काठावरून त्या काठाला सूचना द्यायची सवय असलेल्या. दुसऱ्या बाजूला त्यांचा नवरा, चष्म्यांचे दुकान असलेला, बोलण्यात मऊ पण मुद्दा न सोडणारा माणूस. त्याच्या वतीने त्याच तरुण वकीलीणबाई. घर, गाडी, बाल्कनीतल्या कुंड्या, सगळ्याची वाटणी बिनबोभाट झाली होती. अडले होते एकाच गोष्टीवर. लग्नाआधी नवऱ्याने दिलेली एक अंगठी सापडत नव्हती, आणि ती दुसऱ्याकडे आहे असे दोघेही शपथेवर सांगत होते.

"कशी आहे अंगठी? पुन्हा एकदा सांगा," वकीलसाहेब म्हणाले. भोपळ्यातली करंगळी घड्याळासारखी टकटकत होती. कोपर टेबलावर टेकवून त्यांनी हात उभा धरला होता, त्यामुळे ते सतत कोणाला तरी आशीर्वाद देत आहेत असे दिसत होते.

"हार्ट शेपचा हिरा," पोहणाऱ्या बाई म्हणाल्या. "पांढरा. यानं दिला तेव्हा मला हसूच आलं होतं. म्हटलं, काय हे पोरकट! पण मग घातली आणि... राहू दे. ती याच्याकडे आहे."

"माझ्याकडे नाही," चष्मेवाला म्हणाला. "हिनं लपवलीय."

वकीलसाहेबांच्या कपाळावर घाम आला. पण सवयीने आवाज चढला. "हे बघा, असली अंगठी स्वतःजवळ ठेवायची आणि वर साळसूदपणे हात वर करायचे..." इथे त्यांचे आपल्या हाताकडे लक्ष गेले आणि वाक्य अर्धेच राहिले.

"सर, तुम्हाला बरं वाटत नसेल तर थांबू या," वकीलीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एक गारवा होता. "कुत्रा चावलेल्या माणसानं विश्रांती घ्यावी. मावशीला मी सांगितलंय. तिला फार लागलंय ते."

"मावशींना कशाला..." म्हणत वकीलसाहेब उठतात तोच दार उघडले आणि पांढऱ्या गणवेशात, खांद्याला पिशवी लावून त्यांची बायको आत आली.

"काकूंचा फोन आला होता," ती म्हणाली. "रडत होत्या बिचाऱ्या. खरंच चावला?"

वकीलसाहेबांनी बायकोकडे पाहिले. तिच्या कपाळावर काळजीची आठी होती. आत्ता सांगून टाकावे, असे त्यांना क्षणभर वाटले. पण मग काय? इतक्या दिवसांची धडपड, दोरा गुंडाळून घेतलेले माप, सकाळपासूनचा ठणका, सगळे पाण्यात. संध्याकाळ काही फार लांब नव्हती.

"चावला," ते म्हणाले. "म्हणजे, जरासा."

"दाखवा बघू."

"नको, नको! बँडेज सोडलं तर... वारा लागेल."

बायकोने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले. मग पिशवी टेबलावर ठेवली. "ठीक आहे. जखम राहू द्या. इंजेक्शन मात्र आत्ताच्या आत्ता घ्यायचं. मी आणलंय."

"आत्ता? इथे? संध्याकाळी घेतलं तर?"

"रेबीज झाला तर संध्याकाळी तुम्ही भुंकाल. बाही वर करा."

इंजेक्शन म्हटले की वकीलसाहेबांना लहानपणापासून घेरी यायची. भल्याभल्यांची उलटतपासणी घेणारा हा माणूस सुई पाहिली की डोळे मिटून घेई. तरीही त्यांनी बाही वर केली. पक्षकार, विरुद्ध पक्षकार, विरुद्ध वकील आणि कारकून यांच्या साक्षीने, एका हातात भोपळा उंच धरून, दुसऱ्या दंडात त्यांनी सुई टोचून घेतली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. पोहणाऱ्या बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "बघ. याला म्हणतात धीर. तू डोळ्यांत थेंब घालताना केवढा ओरडतोस."

आता संपले, असे वाटून वकीलसाहेब खुर्चीत टेकले. तेवढ्यात जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. आणि दारात शेजारच्या काकू उभ्या राहिल्या. डोळे रडून लाल, काखेत त्यांचा वाघोबा.

वाघोबा हा कुत्रा आकाराने उशीएवढा आणि वयाने जवळजवळ काकूंएवढाच दिसत असे. त्याला एका डोळ्याने कमी दिसे आणि दोन्ही कानांनी ऐकू येत नसे.

"साहेब, मी तुमच्याशी भांडायला आलेली नाही," काकू भांडणाच्याच सुरात म्हणाल्या. "मी एवढंच दाखवायला आलेय. वाघोबा, आ कर. कर, आ कर, माझ्या सोन्या." त्यांनी दोन बोटांनी वाघोबाचा जबडा उघडला आणि तो टेबलाभोवती सगळ्यांसमोरून फिरवला. "बघा. सगळ्यांनी बघा. एक तरी दात आहे का? गेल्या वर्षीच शेवटचा पडला! हा चावणार कशानं?"

चष्मेवाल्याने वाकून आत पाहिले. व्यवसायच बारकाईने बघण्याचा. "खरंच नाहीये हो," तो म्हणाला.

"सर," वकीलीणबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही न्यायाधीशांसमोर माझ्या मावशीच्या कुत्र्यावर आरोप केलाय."

"चावला म्हणजे," वकीलसाहेब म्हणाले, "हिरड्यांनी."

"हिरड्यांनी चावल्यावर एवढं बँडेज?" काकू कडाडल्या. "सोडा ते. मला खूण दाखवा. खूण निघाली तर मी आत्ता इथे सगळ्यांसमोर तुमची माफी मागते!"

"काकू, ऐका तरी..."

पण काकूंना आता कोण ऐकवणार? त्यांनी वाघोबाला टेबलावर ठेवले आणि बँडेजचे टोक धरून ओढले. कारकुनाने प्रेमाने घातलेले वेढे एकामागून एक सुटत गेले, शेवटी रुमाल गळून पडला आणि वकीलसाहेबांच्या लालबुंद करंगळीत तो पांढरा बदाम दिव्याखाली लखकन चमकला.

मग पोहणाऱ्या बाईंचा आवाज या काठावरून त्या काठाला गेला.

"माझी अंगठी!"

"आमची अंगठी," चष्मेवाला उठून उभा राहिला. मग त्याने बायकोकडे बोट रोखले. "अच्छा! वकिलाला देऊन टाकलीस होय? माझ्याविरुद्ध लढायला?"

"मी? मी देईन? तूच दिली असशील, माझा वकील फोडायला! म्हणूनच हे इतके दिवस नुसते ताणतायत!"

"मी वकील फोडीन? मला साधी काच फोडवत नाही!"

"सर," वकीलीणबाई मधे पडल्या. त्यांचा आवाज आता बर्फासारखा झाला होता. "ही अंगठी कोणाची?"

उत्तर अगदी सोपे होते. माझ्या बायकोची, एवढेच म्हणायचे. पण बायको समोरच उभी होती, आणि ती डोळे मोठे करून अंगठीकडे बघत होती. वकीलसाहेबांनी आयुष्यात कधी इतकी दुबळी बाजू मांडली नव्हती.

"माझी," ते म्हणाले. "माझीच आहे. मला... हौस आहे."

"बदामाची?" काकूंनी विचारले.

"लहानपणापासून."

कारकुनाने मान खाली घातली. पोहणाऱ्या बाई आणि चष्मेवाला यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच दोघे एकाच बाजूने बोलू लागले.

"खोटं बोलतायत हे."

"साफ खोटं. आणि कुत्र्याचंही खोटंच होतं."

"बिचाऱ्या मुक्या जनावरावर आळ घेतला. असल्या माणसाकडे तू गेलीसच कशी?"

"मला काय माहीत? तू असतास सोबत तर विचारलं असतं तुला. आपल्या अंगठीच्या आतल्या बाजूला आपली अक्षरं आहेत ना?"

"आहेत. मीच कोरून घेतली होती. काढा हो ती अंगठी! आत्ताच्या आत्ता काढा!"

"निघत नाहीये!" वकीलसाहेब जवळजवळ ओरडले. "निघत असती तर हा सगळा तमाशा झाला असता का?"

पोहणाऱ्या बाईंनी आणि चष्मेवाल्याने मग पुढे काही विचारले नाही. तिने मनगट धरले, त्याने अंगठी धरली. वकीलसाहेब कळवळले. या गडबडीत टेबलावर ठेवलेल्या वाघोबाचे सगळ्यांनाच विस्मरण झाले होते. त्याला ऐकू येत नसल्यामुळे भांडणाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या नाकाला मात्र सकाळच्या तेलाचा वास आला. तो हळूहळू चालत टेबलाच्या कडेपर्यंत आला, त्याने आपली लांबलचक गुलाबी जीभ बाहेर काढली आणि वकीलसाहेबांची करंगळी मोठ्या आवडीने चाटायला सुरुवात केली.

"बघा!" काकूंचे डोळे भरून आले. "ज्यानं आळ घेतला त्यालाच चाटतोय! असा आहे माझा वाघोबा!"

दिवसभर हात वर धरल्याचा गुण म्हणा, तेलाचा म्हणा, की वाघोबाच्या लाळेचा म्हणा. अंगठी एकदा डुगडुगली, सांध्यावर येऊन अडखळली आणि सुळकन सुटून टेबलावर गरगरत गेली. वकीलसाहेबांच्या बायकोने तिच्यावर तळहात ठेवला.

चष्मेवाल्याने ती तिच्याकडून मागून घेऊन दिव्याखाली धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतली बाजू सगळीकडून फिरवून पाहिली. त्याचे खांदे पडले. "अक्षरं नाहीत. ही आपली नाही. आपल्या हिऱ्याचा डावा गालही जरा फुगीर होता."

"उजवा," पोहणाऱ्या बाई म्हणाल्या.

"माझ्या समोरून डावा. तुझ्या बोटावरून उजवा." तो अंगठीकडे बघतच राहिला होता. "पाण्यात उतरायच्या आधी तू ती काढून माझ्याकडे द्यायचीस. मी काठावर बसायचो. आणि ती हरवू नये म्हणून मी..." तो एकदम थांबला.

"म्हणून तू काय?"

"चष्म्याच्या डबीत ठेवायचो."

"कोणत्या डबीत?"

"जी खिशात असेल त्या."

"आणि ती डबी?"

"दुकानात," चष्मेवाला कसाबसा म्हणाला. "असेल. दुकानात तशा डब्या... बऱ्याच आहेत."

पोहणाऱ्या बाईंनी पर्स उचलली. "चल. सगळ्या उघडायच्या."

"अगं, भिंतभर आहेत."

"मग उठ लवकर. बसून काय राहिलायस?"

आणि दोघे खरोखरच निघून गेले. जिन्यावरून बराच वेळ त्यांचे आवाज येत होते. डब्या वरच्या फळीपासून उघडायच्या की खालच्या, यावर त्यांचे कडाक्याचे भांडण लागले होते.

"सर, पुढची तारीख घ्यायची का?" वकीलीणबाईंनी कागद आवरत विचारले.

"डब्या संपू देत," वकीलसाहेब म्हणाले.

काकूंची त्यांनी हात जोडून माफी मागितली. काकूंनी ती स्वीकारली, पण न्यायाधीशबाईंसमोरही वाघोबाचे नाव साफ व्हायला हवे, असे बजावून त्या भाचीबरोबर गेल्या. कारकूनही बँडेजची गुंडाळी पुन्हा नीट करत बाहेर सटकला. खोलीत नवराबायको दोघेच उरले.

अंगठी टेबलावर होती. वकीलसाहेबांनी ती उचलली आणि पुन्हा ठेवली.

"तुझ्यासाठी होती," ते म्हणाले. "संध्याकाळी द्यायची होती. तुला चकित करायचं होतं. सगळा विचका झाला."

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"दुपारी सराफांचा फोन आला. तुम्ही उचलत नव्हता म्हणून त्यांनी मला केला. म्हणाले, वहिनी, साहेबांच्या करंगळीची सूज उतरली का? त्यांना दुकान बंद करायची घाई. तेवढ्यात काकूंचा फोन. त्या म्हणतात कुत्रा, सराफ म्हणतात अंगठी. म्हटलं, जाऊनच बघू, आपला माणूस काय म्हणतो ते."

"म्हणजे तू आत आलीस तेव्हा..."

"तुम्ही म्हणालात कुत्रा."

"मग टोचलंस कशाला मला?"

"नवरा म्हणतोय कुत्रा चावला, आणि बायको नर्स असून नुसती हसत उभी राहिली, तर तुमचं बिंग तिथेच नसतं का फुटलं?" तिने त्यांचा दंड हलकेच चोळला. "इतकं मनापासून खोटं बोलत होतात. तुम्हाला एकटं कसं पाडायचं?"

"अगं, पण रेबीजचं इंजेक्शन!"

"छे हो. जीवनसत्त्वाचं होतं. तपासणीत कमी आलंय आणि तुम्ही कधीपासून टाळताय. म्हटलं, आज आयताच हात वर आहे." ती उठली आणि दाराकडे गेली. "आता असं करा. मी बाहेर जाऊन परत येते. तुम्ही द्या. मला काहीही माहीत नाही."

"आता काय अर्थ आहे त्याला?"

"द्या तर खरं."

ती बाहेर गेली, दारावर टकटक करून आत आली. वकीलसाहेबांनी अंगठी सकाळच्याच रुमालाने पुसली आणि काहीसे ओशाळून पुढे केली. बायकोने एक पाऊल मागे घेतले. तिचा हात छातीवर गेला, डोळे विस्फारले, आवाज भरून आला.

"अय्या! हे काय? माझ्यासाठी? आणि बाई, बदाम! मला अगदी हेच हवं होतं हो!"

ते इतके हुबेहूब होते की वकीलसाहेबांचे मन आनंदाने फुलून आले. हिला खरेच काही माहीत नव्हते, असे त्यांना स्वतःलाही वाटून गेले. त्यांनी अंगठी तिच्या बोटात घातली. ती नेमकी बसली. बायको दिव्याखाली हात धरून बदामाकडे बघत राहिली, आणि ते बघणे मात्र नाटक नव्हते, एवढे त्यांना अनुभवावरून सांगता आले.

मग त्यांच्या मनात कुठेतरी एक बारीकशी कळ आली. हीच 'अय्या' त्यांनी पूर्वी ऐकली होती. अगदी हीच. छातीवरचा हातही हाच. निळी छत्री दिली तेव्हा. दोन मापे मोठा स्वेटर आणला तेव्हा. इस्त्री आणली त्या वर्षी तर डोळ्यांत पाणीसुद्धा आले होते.

"अगं," ते अस्वस्थ होऊन म्हणाले, "ती इस्त्री आणली होती मी, आठवतं? तेव्हा तुला खरंच..."

"चला हो," बायको म्हणाली, "जेवायला उशीर होतोय," आणि दिवा मालवून जिना उतरूही लागली.